मदत हवी आहे: ऑइल तापलं की लोडरचं स्टिअरिंग ढिलं पडतं

नमस्कार मंडळी. आमचा मधून वळणारा व्हील लोडर सकाळी छान वळतो. दोन तास खडी भरली, ऑइल तापलं, की पूर्ण वळवून टेकल्यावरही स्टिअरिंग हळूहळू फिरतच राहतं. लेव्हल बरोबर, फिल्टर नवा, होज कुठेही गळत नाही. बकेट उचलताना स्टिअरिंग आणखी जड होत नाही, म्हणून प्रायॉरिटी व्हॉल्व्हवर (बकेटच्या आधी स्टिअरिंगला ऑइल देणारा व्हॉल्व्ह) माझा संशय कमी आहे.

स्टिअरिंग युनिटच्या (स्टिअरिंग फिरवलं की मशीन वळवणाऱ्या सिलिंडरना ऑइल मोजून देणारा भाग) सिलिंडरकडच्या दोन्ही लाइन प्लग केल्या आणि तरीही स्टिअरिंग फिरलं, तर युनिट झिजलंय. थांबलं, तर सिलिंडरचं सील गेलंय, असं धरू का? कोणी अशी तपासणी केली आहे का?

स्टिअरिंगपासून सिलिंडरपर्यंत दांडा नाही, सगळं ऑइलवरच. ऑपरेटरला उतारावर पाठवायला मन धजत नाही, मशीन उभीच ठेवली आहे.