शब्दचर्चा: ‘लर्निंग सायकल’ला मराठीत काय म्हणावं?

करवंद: लीन प्रॉडक्ट डेव्हलपमेंटवर, म्हणजे मेहनत वाया न घालवता नवं उत्पादन घडवण्याच्या पद्धतीवर, मराठीत लिहितेय. त्यातल्या ‘कंटिन्युअस लर्निंग सायकल’ला, म्हणजे करून बघत सतत शिकत जाण्याला, ‘अखंड शिक्षणचक्र’ लिहिलं, तर घरचे म्हणाले, सरकारी योजना वाटते. दुसरं काही सुचवाल?

पाणपोई: ‘शिक्षण’ काढाच, लगेच फळा आणि गुरुजी डोळ्यांपुढे येतात. ‘आवर्तन’ कसं वाटतं?

करवंद: आमच्याकडे नगरला आवर्तन सुटतं ते कालव्याला!

रंधा: आणि तबल्याचं आवर्तन समेवर परत येतं. इथे त्याच जागी परत आलात तर सगळं फुकट. सायलेन्सरचंच घ्या. आवाज कमी करायला गेलं की बॅक प्रेशर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराचा उलटा दाब, वाढतं, इंजिनाचा दम जातो. नेहमीची रीत अशी, की एक डिझाइन पक्कं करायचं, नमुना बनवायचा, नापास झाला की ठोकठाक. लीनमध्ये आधी वेगवेगळे नमुने मोजून आवाज आणि बॅक प्रेशर यांचा आलेख काढतात, डिझाइन नंतर ठरतं. तो आलेख ए-थ्री आकाराच्या एका कागदावर राहतो, पुढच्या गाडीलाही कामी येतो. म्हणून मी ‘फेरी’ म्हणेन.

पाणपोई: फेऱ्या तर तहसील कचेरीतही मारतो आपण.

रंधा: अहो, मतमोजणीच्याही फेऱ्याच असतात की! मागच्या फेरीची मतं पुढच्या बेरजेत धरलेली असतात. राइट बंधूंचं १९०१चं ग्लायडर हिशेबाइतकं उचलेना, तेव्हा त्यांनी लगेच दुसरं बांधायला घेतलं नाही. गावी, डेटनला, छोटा वायुबोगदा (विंड टनेल) करून पंखांचे सुमारे २०० आकार तपासले. १९०२चं ग्लायडर त्या आकड्यांवर उभं राहिलं.

करवंद: पटलं. आणि पीडीसीएमधल्या (प्लॅन, डू, चेक, अ‍ॅक्ट) ‘चेक’ला ‘तपासणी’ चालेल?

रंधा: नको. तपासणी म्हटलं की कारखान्यातला क्वालिटी कंट्रोलवाला मोजायचं गेज घेऊन उभा. गुणवत्तातज्ज्ञ डेमिंगनाही ‘चेक’ खटकायचा, ते ‘स्टडी’ म्हणत, म्हणून पीडीएसए. ‘पडताळा’ बरा: जे होईल वाटलं होतं आणि जे झालं, ते शेजारी ठेवून बघणं. लीनवर लिहिणाऱ्या अ‍ॅलन वॉर्ड यांच्या ‘लॅम्डा’ची (लुक, आस्क, मॉडेल, डिस्कस, अ‍ॅक्ट) तर सुरुवातच ‘बघा, विचारा’ अशी आहे. त्यातल्या ‘मॉडेल’ला मी ‘मांडणी’ म्हणतो, मग चर्चा, मग कृती.

करवंद: मग शीर्षक ‘शिकण्याच्या अखंड फेऱ्या’?

पाणपोई: ‘अखंड’मागे हरिनाम सप्ताह आपोआप येतो. नुसतं ‘शिकण्याच्या फेऱ्या’ लिहा, अनेकवचन आहेच.