मदत हवी आहे : नववीच्या मुलांना धंद्याचा हिशेब आणि संगणक एकत्र कसा शिकवू?

नमस्कार मंडळी,

नाशिकहून दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात मी शाळेत गणित शिकवते. यंदा नववीच्या एका तुकडीला आठवड्यातून दोन तास ‘व्यवसाय आणि संगणक ओळख’ शिकवायचं काम माझ्याकडे आलं आहे. पाठ्यपुस्तक नाही, परीक्षा नाही, काय शिकवायचं ते मीच ठरवायचं. मुलं ४६ आणि चालू संगणक ११. मी वाणिज्य शाखेची नाही. हा तास मला मनापासून आवडतो, पण तीन ठिकाणी अडले आहे. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

सुरुवात कशी झाली ते सांगते, म्हणजे अडचण कळेल. नववीच्या बीजगणितात ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण आहे, दहावीत त्याच नावाखाली जीएसटी आणि शेअर्स येतात. मुलं ती गणितं सोडवतात, पण ‘एका व्यक्तीचे वार्षिक उत्पन्न’ वाचताना ती व्यक्ती त्यांना आपल्या ओळखीची वाटत नाही. म्हणून दिवाळीआधी वर्गाला खरा धंदाच करायला लावला. आकाशकंदील. कागद, काड्या, दोरा, डिंक मिळून एका कंदिलाला ३५ रुपये पडले, विक्री ६० रुपयांना. बाजाराच्या दिवशी टेबल, छत आणि दिवा भाड्याने घेतला, त्याचे ५०० रुपये. भांडवल मी घातलं. वर्गात आम्ही मांडलं की एका कंदिलामागे २५ रुपये सुटतात, म्हणजे २० कंदील विकले की भाडं निघतं आणि एकविसाव्यापासून नफा. मुलांनी ५० कंदील केले, ३२ विकले.

आता अडचण पहिली. पैसे मोजले तर पेटीत रोख १२६० आणि माझ्या फोनवर आलेले ६६० असे एकूण १९२० झाले. खर्च झाला होता २२५०. म्हणजे ३३० रुपये कमीच. एका मुलीने फळ्याकडे बोट दाखवून विचारलं, “बाई, विसाच्या पुढे गेलो ना आपण? मग तोटा कसा?” वर्गातल्या कपाटावर ठेवलेल्या, उरलेल्या १८ कंदिलांत पैसे अडकले आहेत हे मला कळत होतं, तसं मी सांगितलंही. पण “मग नफा झाला की तोटा?” या प्रश्नाला मी ठाम उत्तर देऊ शकले नाही. वर्ग अजून त्याच प्रश्नावर आहे.

दुसरी अडचण संगणकाची. एका संगणकावर चौघं-पाच जण. एक टाईप करतो, बाकीचे बघतात, आणि टाईप करणारा दर वेळी तोच असतो. शिवाय हिशेबाच्या तक्त्यात (स्प्रेडशीटमध्ये) मुलं चौकटीत ‘३५ रु.’ किंवा ‘२० किलो’ असं लिहितात, मग बेरीज चुकते आणि का चुकली ते त्यांना दिसत नाही. रकाना अरुंद असला की आकड्यांच्या जागी फुल्यांसारखी जाळी येते, तेव्हा दोन गटांनी ‘संगणक बिघडला’ म्हणून तो बंदच केला. मालाचा दर एका चौकटीत ठेवून सूत्र खाली ओढलं की सूत्रातला दराचा पत्ताही खाली सरकतो. तो जागेवर धरून ठेवायला डॉलरचं चिन्ह लावायला सांगितलं, तर प्रश्न आला, “आपला हिशेब रुपयांत आहे, मग डॉलर कशाला?” प्रश्न अगदी रास्त आहे. ते चिन्ह तिथे पैशाचं नसून ‘ही चौकट हलवू नको’ असं सांगणारं आहे, हे समजावण्यात निम्मा तास गेला.

तिसरी अडचण मला सगळ्यात जास्त लागली आहे. कंदिलांनंतर मी मुलांना सांगितलं, घरून टोमॅटोची एखादी पट्टी, म्हणजे माल विकल्यावर मिळणारी हिशेबाची पावती, आणा. इथे बहुतेकांच्या घरी टोमॅटो नाहीतर द्राक्ष आहे आणि व्यापाऱ्याने दिलेल्या पट्ट्या खिळ्याला टोचलेल्या असतात. मुलांनी आणल्या, आणि ज्यांना मी गणितात कच्चं समजत होते तीच मुलं पट्टी घडाघडा वाचत होती. एका मुलाची पट्टी ४० कॅरेटची होती, दर ९० रुपये, म्हणजे ३६०० रुपये. गाडीभाडं कॅरेटला १५ प्रमाणे ६००, हमाली वगैरे १२०, आणि बाहेरच्या चार बायकांची तोडणीची मजुरी १२००. हातात राहिले १६८०. तोवर तो खुशीत होता. मग त्याने विचारलं, “बाई, आई आणि आजीपण तोडायला होत्या. त्यांचे किती धरायचे?” मी म्हटलं, धर तेवढेच, प्रत्येकी ३००. त्याने ते धरले. पुढच्या तासाला तो घरून विचारून रोपं, मल्चिंगचा कागद, तार-बांबू, औषधं असा हंगामाचा सगळा खर्च लिहून घेऊन आला, सगळ्या पट्ट्यांची बेरीजही आणली. सगळं भरल्यावर खालच्या चौकटीत उणे चिन्ह आलं. त्याच्या गटातल्या चौघांनी ते पाहिलं. तो काही बोलला नाही, पण नंतरच्या तासाला पट्टी घरी विसरलो म्हणाला, आणि त्याच्या मागोमाग आणखी सहा-सात जण ‘विसरले’.

मी चुकले हे मला कळतं. घरचा तोटा चारचौघांत पडद्यावर यायला नको होता. पण खऱ्या पट्टीवर मुलं ज्या जिवंतपणे शिकली, तशी ‘रामरावांचे दुकान’ छापाच्या उदाहरणावर शिकत नाहीत. यातून वाट कशी काढू? आणि घरच्या माणसांची मजुरी हिशेबात धरायची की नाही, याचं खरं उत्तर काय?

प्रतिसाद : निवृत्त पुस्तपालन शिक्षक, नाशिकरोड

ताई, तुमच्या त्या विद्यार्थिनीचं कौतुक करा. तिने जो प्रश्न विचारला तो अकरावी-बारावीच्या मुलांना मी वर्षानुवर्षं शिकवला आणि तरी अनेकांच्या डोक्यात नीट बसला नाही. तुमच्या फळ्यावर दोन वेगळे हिशेब एकत्र झाले आहेत. पेटीत किती आले-गेले हा रोजमेळाचा हिशेब. धंद्यात नफा झाला का, हा नफा-तोट्याचा हिशेब. दुसऱ्या हिशेबात अखेरचा शिल्लक माल जमेच्या बाजूला मांडावा लागतो. तुमचा २० चा आकडा बरोबरच आहे, पण त्यात फक्त विकलेल्या कंदिलांचा खर्च धरलेला आहे.

आता मांडून बघा. विक्री १९२०, शिल्लक १८ नग ३५ प्रमाणे ६३०, एकूण २५५०. त्यातून खर्च २२५० वजा केला तर नफा ३००. पेटीत मात्र ३३० कमी. या दोन आकड्यांत ६३० चा फरक आहे, आणि ते ६३० रुपये तुमच्या कपाटावर कंदिलांच्या रूपात पडून आहेत. हे वाक्य मुलांना कपाटासमोर उभं करून सांगा.

पण इथे थांबू नका, कारण खरी गंमत पुढे आहे. शिल्लक मालाची किंमत कशी धरायची याचा नियम आहे : मूळ किंमत किंवा बाजारभाव, यांपैकी जे कमी असेल ते. दिवाळी झाल्यावर कंदिलाला कोण ३५ देणार? २० धरले तर नफा उरतो फक्त ३० रुपये. काहीच किंमत येणार नाही म्हटलं तर ३३० चा तोटा. म्हणजे ‘नफा की तोटा’ याचं उत्तर तुम्ही त्या १८ कंदिलांकडे किती प्रामाणिकपणे बघता यावर आहे. मुलांनाच ठरवू द्या, मात्र कारण लिहायला लावा.

घरच्या मजुरीचं असं, की कीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, तिची नोंद होत नाही, कारण पैसे दिलेच नाहीत. पण पुढच्या वर्षी टोमॅटो लावावा की नाही हे ठरवायला ती धरायलाच हवी. आपला कृषी खर्च व मूल्य आयोगसुद्धा हे खर्च वेगवेगळे मोजतो. ए२ म्हणजे प्रत्यक्ष खिशातून गेलेला खर्च, त्यात घरच्यांच्या श्रमाचं मोल मिळवलं की ए२ अधिक एफएल, आणि त्यावर स्वतःच्या जमिनीचं भाडं व स्वतःच्या भांडवलाचं व्याज धरलं की सी२. टोमॅटोला हमीभाव नाही ही गोष्ट वेगळी, पण मोजायची रीत तीच लागू पडते. तेव्हा दोन रकाने करा, एक ‘दिलेले पैसे’ आणि दुसरा ‘घरचे श्रम’. त्या मुलाच्या पत्रकात तोटा दिसला असेल, पण त्यातला किती खिशातून गेला आणि किती आई-आजीच्या कष्टाचं न मिळालेलं मोल आहे, हे वेगळं दिसलं पाहिजे.

प्रतिसाद : संगणक प्रशिक्षक, सातपूर

मॅडम, आधी संगणक बंद ठेवून एक तास घ्या. तुमच्या शाळेच्या व्हरांड्यात शहाबादी फरशी असेल तर आयतं काम झालं. एका कडेला खडूने अक्षरं, दुसऱ्या कडेला आकडे लिहा. प्रत्येक फरशी म्हणजे एक चौकट. मुलांना हातात आकड्याची चिठ्ठी देऊन उभं करा. एकाला ‘बेरीज’ करून शेवटच्या फरशीवर ठेवा, मग मधल्या मुलाची चिठ्ठी बदला आणि बेरजेला स्वतःचा आकडा बदलायला सांगा. सूत्र म्हणजे आकडा नसून पत्ता असतो, हे पायाने चालून कळतं. डॉलरचं चिन्हही तिथेच शिकवा : ज्याच्या हातात दर आहे तो जागेवरून हलणार नाही, बाकीच्यांनी एक-एक फरशी खाली सरकायचं.

चौघांच्या गटाला चार कामं द्या. एक पट्टी मोठ्याने वाचतो, एक टाईप करतो, एक वहीत तीच बेरीज हाताने करतो, एक पडद्यावरचा आणि वहीतला आकडा ताडून बघतो. पाचवा असेल तर तो सूत्रं वहीत उतरवून घेतो. आठ मिनिटांनी घंटा आणि कामं बदलायची. टाईप करणाऱ्याने माऊस सोडलाच पाहिजे, हा एकच नियम कडक ठेवा.

‘२० किलो’चा घोळ टाळायला एकक रकान्याच्या मथळ्यात लिहायचं, चौकटीत नुसता आकडा. आकडा आपोआप उजवीकडे चिकटतो आणि मजकूर डावीकडे, हे मुलांना एकदा दाखवलं की चूक डोळ्यांनीच सापडते. शिवाय बेरजेच्या खाली ‘काउंट’ सूत्र टाका. ते फक्त आकडे असलेल्या चौकटी मोजतं. १२ ओळी भरल्या आणि उत्तर ११ आलं, तर एका ओळीत कोणीतरी अक्षर घुसवलं आहे. जाळी दिसली तर रकाना रुंद करायचा, एवढंच. हे सगळं लिबरऑफिस कॅल्क या स्प्रेडशीटच्या प्रोग्रॅममध्ये फुकट होतं, इंटरनेटही लागत नाही.

फोनवर पैसे घेतलेत हे चांगलं केलंत. त्याच वेळी एक गोष्ट पक्की करून घ्या : पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत. फसवणूक झाली तर १९३० वर लगेच फोन करायचा, हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर असू द्या.

प्रतिसाद : बागायतदार, निफाड तालुका

ताई, त्या पोराचं वाचून वाईट वाटलं. माझाही मुलगा नववीला आहे. तोट्याची पट्टी आम्ही घरातसुद्धा लवकर दाखवत नाही, ती अशी वर्गात गेली तर बापाला काय वाटेल याचा विचार करा. तुमचा हेतू चांगला आहे म्हणून सांगतो, मुलांकडून पट्ट्या मागू नका. माझ्याकडच्या घ्या. नाव आणि गाळा खोडून देतो.

आणि एका पट्टीवर नफा-तोटा शिकवू नका. २०२३ चा उन्हाळा आठवा. मे महिन्यात टोमॅटो तोडायला परवडत नव्हता, लोकांनी तो टाकून दिला. जुलैत तोच टोमॅटो शहरात शंभर रुपये किलोच्या पुढे गेला. शेतकरी तोच, मेहनत तीच, दोन महिन्यांचा फरक. दोन्ही वेळच्या पट्ट्या शेजारी-शेजारी ठेवल्या तर मुलाला समजेल की उणे चिन्ह आलं म्हणजे बाप चुकला असं नाही. माझ्याकडे त्या वर्षाच्या दोन्ही आहेत.

आईची मजुरी किती धरायची विचारलंत. त्या दिवशी बाहेरच्या बाईला जी दिली तीच. कमी नको.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. निफाडच्या दादांकडून पट्ट्या मिळाल्या, एकूण १४ आहेत. त्या मुलाशी मी वर्गाबाहेर बोलले. त्याचं पत्रक संगणकावरून काढून टाकलं आणि त्याची पट्टी त्याच्या हातात परत दिली. आता नव्या पट्ट्यांवर ‘घरचे श्रम’ हा रकाना त्याच्याच गटाकडे आहे, त्याने स्वतः मागून घेतला.

फरशीचा खेळ काल झाला. ‘दर’ म्हणून उभी राहिलेली मुलगी तासभर जागची हलली नाही, आणि आज संगणकावर डॉलरचं चिन्ह कोणी विचारलं नाही.

कंदिलांचं सांगते. सरांनी सांगितलं तसं सगळे कपाटासमोर उभे राहिले. निम्मा वर्ग ३५ वर अडून होता. मग एकाने खुर्चीवर चढून कंदील खाली काढले, तर ६ फाटलेले निघाले. त्यांची किंमत शून्य आणि उरलेल्या १२ ची प्रत्येकी २० असं मुलांनी ठरवलं, म्हणजे २४० रुपये. पत्रकात ९० रुपयांचा तोटा आला, तो तसाच ठेवला आणि खाली सगळ्यांनी सह्या केल्या. पुढच्या दिवाळीला ३५ च कंदील करायचे असं आत्ताच ठरलं आहे.

आता एक शेवटचं मागणं. टोमॅटोनंतर कांदा घ्यायचा आहे, कारण त्यात चाळीत साठवण्याचा प्रश्न येतो, घट आणि सड येते, थांबायचं की विकायचं हे ठरवावं लागतं. लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजारातल्या, एकाच शेतकऱ्याच्या पण वेगवेगळ्या महिन्यांतल्या पट्ट्या कोणाकडे असतील तर नाव खोडून फोटो पाठवाल का? किती क्विंटल चाळीत भरला आणि किती निघाला एवढं सोबत लिहिलंत तर फार बरं होईल.