सल्ला हवा: भुरीच्या जनुकांवरचे शोधनिबंध संगणकाने कसे चाळावेत? (बजेट ३,००० रु.)

निफाडची_लेक: एमएस्सीचा प्रकल्प आहे. द्राक्षावरच्या भुरीशी (बुरशीमुळे होणारा रोग) कोणती जनुकं जोडलेली आहेत आणि त्यांचे आपसातले संबंध काय, हे पबमेडवरच्या (वैद्यकीय-जैविक शोधनिबंधांचा ऑनलाइन साठा) सारांशांमधून काढायचंय. लॅपटॉप ८ जीबीचा. घरची बाग आहे, म्हणून विषय मनापासून घेतलाय.

गंगापूररोडकर: आधी लॅपटॉप बदल. मी ग्राफिक्स कार्डवाला घेतला, ९२ हजारांना. बायोबर्ट, म्हणजे असे निबंध वाचायला शिकवलेलं एआय मॉडेल, अगदी सुरळीत चालतं.

पंचवटीकर: दादा, तिने ३,००० लिहिलंय! ताई, काही विकत घेऊ नका. पबटेटर या वेबसाइटवर पबमेडच्या सारांशांत जनुकांची, रोगांची नावं आधीच खूण केलेली मिळतात, फुकट. पबमेडवरून प्रोग्रामने थेट उतरवणार असाल तर एपीआय की (ओळखीचा कोड) काढा. कीशिवाय सेकंदाला ३ मागण्या चालतात, कीने १०. मी घाई केली आणि आख्ख्या होस्टेलचं पबमेड बंद पडलं.

सिडकोवाला: एक्सेलमध्ये यादी उघडू नकोस. 'सेप्ट१' या जनुकाच्या नावाची आपोआप १ सप्टेंबर ही तारीख होते. माझा महिना गेला त्यात.

गंगापूररोडकर: ती माणसाची जनुकं, आणि २०२० मध्ये नावं बदललीसुद्धा. द्राक्षाला काय त्याचं?

सिडकोवाला: जुन्या निबंधांत जुनीच नावं आहेत ना!

देवळालीकर: लॅपटॉप मीही बदलला, फरक पडतोच.

ओझरची_मावशी: बाळा, दोन नावं एका सारांशात आली म्हणजे नातं ठरत नाही. निदान एका वाक्यात आहेत का बघ. 'संबंध आढळला नाही' हे वाक्यही, नावं किती वेळा एकत्र आली याच्या मोजणीत, जोडीच धरलं जातं. स्ट्रिंग या प्रथिनांमधल्या संबंधांच्या ऑनलाइन साठ्यात द्राक्ष आहे. तिथे मजकुरातून आलेला पुरावा वेगळा दिसतो, बाकीचे बंद करून बघ. आणि डॉन स्वॉन्सन या माहितीशास्त्रज्ञाचं काम वाच. १९८६ मध्ये त्यांनी एकमेकांचा उल्लेखही न करणारे दोन साहित्यसाठे जोडले आणि माशाचं तेल रेनॉडच्या आजारावर (यात बोटांचा रक्तपुरवठा कमी होतो) चालेल असं सुचवलं.

पंचवटीकर: पबटेटर वापरा, तेच म्हणतोय.

निफाडची_लेक: सगळ्यांचे आभार. रात्री ४० सारांश हाताने वाचले. एमएलओ जनुकं भुरीला आत शिरू देतात, तर मस्कॅडाइन द्राक्षातलं रन१ तिला अडवतं. मोजणीत दोन्ही 'भुरीशी संबंधित' एवढंच येतं. म्हणून आधी ३०० सारांश स्वतः वाचून प्रत्येक वाक्यापुढे 'वाढवतं', 'अडवतं' किंवा 'संबंध नाही' असं लिहिणार. साधनं त्यानंतर. मावशी, पहिली ५० वाक्यं रविवारी इथे टाकते, तपासाल का?