मदत हवी आहे: पुरलेल्या पाइपलाइनजवळच्या खाणीचा उतार

नमस्कार. प्रवरेकाठच्या जुन्या गाळातील गोटे-वाळूच्या एका खाणीची कड पुरलेल्या गॅस पाइपलाइनकडे सरकत असून, खोदकाम वापरहक्काच्या पट्ट्याबाहेर (पाइपलाइनसाठी राखलेल्या जमिनीबाहेर) असले तरी उताराची स्थिरता तपासून द्यायची आहे. कड सध्या जवळजवळ उभी आहे. परंतु तो ओलाव्यामुळे आलेला तात्पुरता चिकटपणा असावा, कारण उन्हाने सुकलेल्या भागातून वाळू ओघळते आणि वरचे गोटे अधांतरी राहतात. घर्षणकोन (कणांमधील घर्षणाचा घसरण्याला होणारा विरोध दाखवणारा कोन) 36 अंश व चिकटपणा शून्य धरल्यास, कोरड्या स्थितीतही 1.5 सुरक्षागुणकासाठी (म्हणजे घसरण रोखणारे बल घसरवणाऱ्या बलाच्या दीडपट असावे यासाठी) उतार सुमारे 26 अंशांचा ठेवावा लागतो. खाणमालकाला अर्थातच तो परवडत नाही. पावसाळ्यातील पाझर आणि पाइपच्या चरातील सैल भराव गणितात कसा धरावा? शिवाय कड ढासळण्याआधीची जमिनीची हालचालही पाइपला बाधक ठरू शकत असताना केवळ सुरक्षागुणकावर विसंबावे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.