सतीश शाह तुमच्या घरात कधी आले?

भाऊबीज होऊन दोनच दिवस झाले होते. शनिवार, २५ ऑक्टोबर २०२५. फराळाचे डबे अजून अर्धे भरलेले होते, आणि मोबाइलवर बातमी आली: अभिनेते सतीश शाह गेले. वय ७४. त्याच आठवड्यात, ऐन दिवाळीत, असरानी गेले होते. मला तर घरातलंच माणूस गेल्यासारखं वाटलं. कामाची यादी कुठेही मिळेल, इथे ती नको. तुमच्या घरात ते कधी आले, कोणासोबत तुम्ही त्यांना पाहिलंत, तेवढं लिहा.

नागपूरकर
१९८४. आमच्या चाळीत टीव्ही एकाच घरी. शुक्रवारी रात्री 'ये जो है जिंदगी' लागलं की दारात चपलांचा ढीग. शफी इनामदार आणि स्वरूप संपत यांच्या घरी दर भागात कोणीतरी नवा माणूस टपकायचा आणि तो नेहमी सतीश शाहच असायचा. कधी मिशी, कधी टोपी, कधी बोलण्याची वेगळीच ढब. आमचे आजोबा मात्र मानायला तयार नव्हते. "मागल्या वेळचा होता तो हा नव्हे रे," असं ठासून सांगायचे. पाच-सहा भागांनंतर त्यांनीच एकदा टीव्हीजवळ जाऊन, चष्मा वर करून निरखून पाहिलं आणि म्हणाले, "डोळे तेच आहेत." त्यानंतर दर शुक्रवारी मालिका लागायचा अवकाश, आधी डोळे ओळखायची चढाओढ लागायची. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली. परवा फोटो पाहिला आणि आधी डोळ्यांकडेच नजर गेली.

पुणेकर
पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकले, याचा आम्हाला भारी अभिमान. 'जाने भी दो यारो'मधलं (१९८३) कमिशनर डिमेलोचं प्रेत पाहा. साडी नेसवून द्रौपदी म्हणून रंगमंचावर उभं केलंय, आजूबाजूला सगळे ओढाताण करताहेत, आणि हा माणूस मेलेलाच! पापणी लवत नाही, ओठ हलत नाही. जिवंतपणी बोलून हसवणारे पुष्कळ आहेत. काहीही न करता हसवणारा मी तरी एवढाच पाहिला.

ठाणेकर
माझा अनुभव जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

बाबांचं डायलिसिस चालू होतं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. सुया टोचलेला हात हलवायचा नाही, म्हणून ते छताकडे बघत पडून राहायचे. बोलणंही कमी झालं होतं. एक दिवस मी मोबाइलवर 'साराभाई व्हर्सेस साराभाई' ही मालिका लावून त्यांच्यासमोर धरला. मुलाची, रोसेशची कविता सुरू झाली. आई माया कौतुकाने ऐकतेय, आणि वडील इंद्रवदनच्या, म्हणजे सतीश शाहांच्या, चेहऱ्यावर ते असह्य दुःख! बाबांचं पोट हलायला लागलं. डावा हात तसाच उशीवर ठेवलेला, उजव्याने तोंड दाबलेलं, डोळ्यांतून पाणी. सिस्टर धावत आल्या, "काका, हात! हात हलवू नका!" बाबा म्हणाले, "हात नाही हो हलत, बाकी सगळं हलतंय." मग सिस्टरही थांबून बघायला लागल्या.

पुढचं वर्षभर आम्ही सगळे भाग पाहिले, काही तीन-तीनदा. आई म्हणायची, "यांना आता डायलिसिसची वाट बघायची सवय लागलीये." बाबा गेले त्याला चार वर्षं झाली. सतीश शाह यांचंही किडनीचं प्रत्यारोपण झालं होतं, हे मी ते गेल्यावर वाचलं. मोबाइल बाजूला ठेवला आणि खूप रडले. ज्यांनी माझ्या बाबांना त्या खाटेवर हसवलं, ते स्वतः त्याच दुखण्यातून गेले होते.

सांगलीकर
वरचं वाचून शब्दच नाहीत, ताई. माझं छोटंसं: आम्ही त्यांना पहिल्यांदा मराठीतच पाहिलं, 'गंमत जंमत'मध्ये. ते मराठी नाहीत, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

डोंबिवलीकर
लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंशी जेमतेम बोलणं. दोघी संध्याकाळी 'साराभाई' बघायचो. माया सुनेला, मोनिशाला 'मिडल क्लास' म्हणाली की मी हळूच सासूबाईंकडे बघायची. इंद्रवदनने मोनिशाची बाजू घेऊन मायाची खोड काढली की सगळ्यात मोठ्याने हसायचे ते सासरे, तेही पेपरामागून. आमच्या घरातही सासऱ्यांनी कायम माझीच बाजू घेतली. काल ते म्हणाले, "माझा गुरू गेला गं."

न्यू जर्सीहून
इथे रात्र होती. अंत्यसंस्काराच्या वेळी साराभाईच्या टीमने मालिकेचं शीर्षकगीत म्हटलं, त्याचा व्हिडिओ पाहत होतो. रडवेल्या आवाजांत, सूर सोडून, पण सगळ्यांनी मिळून. आवाज थोडा मोठा झाला असावा. बायको स्वयंपाकघरातून ओल्या हातांनीच हसत बाहेर आली. तिला बातमी कळली नव्हती. तिला वाटलं, मी मालिका लावलीये.