ठोके नीट झाले म्हणून गोळी बंद?
वर कुणीतरी लिहिलंय की बायपासनंतर अनियमित झालेले ठोके सुरळीत झाले की रक्त पातळ करायची गोळी आपली आपण थांबवली तरी चालते, तर कृपा करून असं करू नका. ठोके जागेवर आले तरी हृदयाचा वरचा कप्पा काही आठवडे मरगळलेलाच असतो, तिथे रक्त साचून गुठळी होऊ शकते, आणि एएफ (म्हणजे हेच अनियमित ठोके, एट्रियल फिब्रिलेशन) परत आलं तर दर वेळी धडधड जाणवेलच असं नाही. ऑपरेशननंतरच्या एएफला साधारण २ महिने गोळी देऊन मग पुन्हा तपासून ठरवतात, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. मेकॅनिकल व्हॉल्व्ह (हृदयात बसवलेली कृत्रिम धातूची झडप) असेल तर प्रश्नच नाही, गोळी कायमची, आणि तीही वॉरफरिन किंवा असिट्रोमसारखीच, रक्त पातळ करायच्या नवीन प्रकारच्या गोळ्या तिथे चालत नाहीत.

पालेभाज्यांचं इथे कुणी बोललं नाही म्हणून सांगते. आईला असिट्रोम सुरू झाल्यावर नातेवाइकांनी पालेभाजी एकदम बंद करायला लावली, आमच्याकडे तर मंडईतून मेथी, चाकवत सतत यायचा. झालं काय, पालेभाजीतलं, या गोळीचा जोर कमी करणारं व्हिटॅमिन के कमी पडलं आणि आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा तपासणीचा आकडा) ३ च्या वर गेला, दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं, आम्ही सगळे फार घाबरलो. डॉक्टर म्हणाले भाजी खा, पण दर आठवड्याला साधारण तेवढीच. आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून कॉम्बिफ्लाम वगैरे परस्पर आणून देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढतो.