विषय: सोलापूरच्या हॉलमध्ये पोरांचा कोपरा

नमस्कार मंडळी,

यंदा एप्रिलपासून अडीच महिने सासरी सोलापूरला जातोय. मोठी चार वर्षांची. धाकटा सव्वा वर्षाचा, नुकता चालायला लागलाय, म्हणजे पडायलाही. घर जुळे सोलापुरात, तळमजल्यावर. हॉल अंदाजे बारा बाय सोळा, त्यात दिवाण, काचेच्या दारांचं टीव्हीचं शोकेस, सासऱ्यांची खुर्ची आणि खिडकीसमोर झोपाळा. उन्हात पोरांना बाहेर काढायची सोय नाही. एसी बेडरूमला आहे, पण दुपारी तिथे सासूबाई पडतात. म्हणजे दिवसभर हॉलच.

इथल्या घरातलं पोरांभोवती लावायचं प्लास्टिकचं कुंपण आणि फोमची मॅट सोबत न्यावी का? विमानाच्या तेवीस किलोच्या बॅगेत निम्मी जागा कुंपणच खाणार. कुणी असं केलंय का?

सासऱ्यांना अजून काही बोललेले नाही.

– जुळे सोलापूरची सून

---

सूनबाई, कुंपण नेऊ नका.

मी मूळचा विजापूर रोडचा, नातवंडांना घेऊन तीनदा उन्हाळा काढून आलोय. आपल्याकडचा हॉल म्हणजे रस्ताच. दूधवाला, सिलिंडरवाला, चाटी गल्लीतून खरेदी करून परतणाऱ्या मावशी, सगळे त्यातूनच जाणार. आमचं कुंपण दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी त्यावर पंचे वाळत होते.

कोपरा ठरवताना आधी कूलर कुठे आहे ते बघा. लोखंडी बॉडीचा असेल तर वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, पोरं ओल्या हाताने त्यालाच चिकटतात. जाळीत बोट जातंय का, तेही बघा. थंड हवा लागेल, पण हात पोचणार नाही, इतकं अंतर ठेवा. आणि कोपरा दिवाणाजवळच करा. ज्याला लक्ष ठेवायचंय त्याला बसायला जागा नसेल तर तो उठून जातो, हा माझा अनुभव. गुडघे दुखणाऱ्या आजीला मॅटवर बसवू नका.

आता न विचारलेलं सांगतो. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. त्यामुळे मागच्या दारी बॅरल, टिप, बादल्या, सगळं काठोकाठ भरलेलं. इतकं लहान मूल दोन इंच पाण्यातही बुडू शकतं. डोकं जड असतं, तोल गेला की मागे येता येत नाही, आणि आवाजही होत नाही. बॅरलला घट्ट झाकण, बादल्या पालथ्या, न्हाणीघराला वरून कडी. हे आधी, मॅट नंतर.

– विजापूर रोडचे काका

---

काकांना दुजोरा. मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून थोडं वाढवते.

शोकेस भिंतीला एल-क्लॅम्पने ठोकून घ्या. मुलं खणांचा जिना करतात. ड्रिल करायला सुतार अर्ध्या तासात येऊन जाईल.

खेळणी कमी काढा. अमेरिकेत टोलिडो विद्यापीठाने दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांवर केलेला एक अभ्यास २०१८ साली छापून आला होता. १६ खेळण्यांऐवजी ४ समोर ठेवली तेव्हा मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. बाकीची ट्रंकेत, आठवड्याने अदलाबदल. पाहुणे येताना खेळणी आणणारच, त्यावर आयएसआय खूण बघा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात ती सक्तीची आहे, तरी जत्रेतल्या आणि हातगाडीवरच्या मालाचा भरवसा नाही. बटणासारखे सेल ज्यात असतात ते खेळणं सेलचं झाकण स्क्रूने बंद नसेल तर सरळ कपाटात टाका. सेल गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते.

झोपाळ्याबद्दल मात्र कुणीच बोललं नाही.

– डोंबिवलीची ताई

---

मंडळी, आम्ही पाच भावंडं अशाच एका हॉलमध्ये वाढलो. ना मॅट, ना कोपरा. काही झालं नाही.

– एक जुना सभासद

---

मग तुमच्या भुवईवरची खूण कशाची?

– विजापूर रोडचे काका

---

झोपाळ्याची.

– तोच जुना सभासद

---

नमस्कार मंडळी,

सोलापुरातून लिहितेय. येऊन तीन आठवडे झाले. दुपारी पारा बेचाळीसवर, लिहितानाही हात चिकटतोय.

कुंपण आणलं नाही. मॅट आणली, ती चुकलीच. फोममध्ये घाम जिरत नाही, चौथ्या दिवशी धाकट्याच्या पाठीवर घामोळं. सासूबाईंनी काही न बोलता मॅट गुंडाळून माळ्यावर टाकली आणि फरशी पुसून पोराला उघड्या अंगाने सोडून दिलं. गार फरशीवर तो अर्धा तास पालथा पडून राहिला. पडायची भीती वाटते तेवढ्या जागेत आता जाड चादर दुमडून टाकतो. ती चकचकीत फरशीवर घसरते, म्हणून एक कड दिवाणाच्या पायांखाली दाबलीय.

झोपाळ्याचं सांगते. पहिल्याच संध्याकाळी नवऱ्याला त्यावर बसवलं आणि पाट जिथवर जातो तिथे खडूने रेघ मारली. पुढे साडेतीन फूट, मागे जवळजवळ तीन. म्हणजे हॉलची सगळ्यात चांगली जागा त्याचीच. धाकट्याला पाटाशेजारी उभं केलं. स्थिर पाट त्याच्या पोटाशी, पुढे आला की वर उचलून बरोबर हनुवटीशी. सागवानी पाट, कडा धारदार.

सासरे बघत होते. म्हणाले, "माझा झोपाळा उतरवायलीस काय?" मी गप्प. ते तीन दिवस ओट्यावर बसले, चहासुद्धा बाहेरच. चौथ्या दिवशी स्वतःच सुंभाच्या दोन दोऱ्या घेऊन आले. पाट मागे ओढून दोन्ही बाजूंनी खिडकीच्या गजांना करकचून बांधला, हलवून बघितला, पुन्हा एक गाठ मारली. मी कडांना सोलापुरी टॉवेल गुंडाळून शिवून टाकला. आता दिवसभर तो पाट म्हणजे धाकट्याचं टेबल. मोठी त्यावर चादर टाकून खाली घर करते. आत चार वाट्या, एक बाहुली आणि सासऱ्यांचा चष्म्याचा डबा. तो डबा रोज शोधावा लागतो.

ताई, इथली नऊ खेळणी ट्रंकेत गेली. कुणाला पत्ताही लागला नाही. शोकेसला क्लॅम्प लागले. बॅरलचं झाकण पहिल्याच दिवशी बसवलं, काका, त्याबद्दल आभार. कूलर करंट मारत होता, आणि घरच्यांना त्याची इतकी सवय की "स्लिपर घालून हात लाव" एवढंच सांगायचे. वायरमनने अर्थिंगची वायरच जोडलेली नव्हती हे दाखवलं.

रात्री साडेआठला पोरं झोपली की सासरे दोऱ्या सोडतात.

परतताना बॅगेत जागा आहे. चादरी, टॉवेल हवे असतील त्यांनी माप आणि रंग रविवारपर्यंत कळवावा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी वेगळी लिहा, मागच्या वेळी गोंधळ झाला होता.

– जुळे सोलापूरची सून